सातचीचं जहाज

हरिओमच्या वागण्याबद्दल सोनूबाईंची तक्रार एका वाक्यात सांगता येण्यासारखी होती. फक्त सोनूबाईंनी आजवर कुठलीच गोष्ट एका वाक्यात सांगितलेली नव्हती. पोटचा एकुलता एक पोरगा. मुंबईला राहतो. दर रविवारी न चुकता फोन करतो. आता यात तक्रार करण्यासारखं काय आहे, असं जालन्यातल्या मस्तगडात कुणी भोळेपणानं विचारलं की सोनूबाई त्याला आधी बसायला सांगत.

"फोन करतो, पण जेवलीस का म्हणून विचारत न्हाई. गुडघ्याचं विचारत न्हाई. मालक गेले तवापून एवढ्या घरात एकटी काय करून राह्यली, ते बी न्हाई. नुसतं एकच. मंग तू काय म्हणालीस?"

ते खरंच होतं. सोनूबाई फोनवर सांगत, की आज कापडवाल्यानं मला आत बसवलं आणि गिऱ्हाईक बाहेरचं बघितलं. किंवा राजूरच्या जावेनं लग्नाचं आवतन शेजाऱ्याच्या तोंडी पाठवलं. तोवर पलीकडून नुसतं हं, हं चाललेलं असे. मग एकदम हरिओमच्या आवाजात जीव येई. "मग तू काय म्हणालीस?" सोनूबाई काय म्हणाल्या ते सांगत. त्या गप्प बसून आल्या, असं कधी झालेलं नव्हतं. मग पलीकडून नुसती बोटांची टकटक ऐकू येई.

आणि थोड्याच दिवसांनी, संध्याकाळी सातला, टीव्हीवरची सासू तेच वाक्य बोले.

त्या मालिकेचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण मस्तगडात तिला सगळे 'सातची' म्हणत. सातचीचे संवाद हरिओम लिहायचा. सातचीतली सासू मोठ्या वाड्यात राही, झोपतानासुद्धा ठुशी घाले आणि बोले मात्र जुन्या जालन्यातल्या सोनूबाईंसारखं. सगळ्या महाराष्ट्राला ती सासू आवडत होती. सोनूबाईंना ती पसंत नव्हती. बाई हात फार हलवते, असं त्यांचं मत होतं. तरी सातला त्या दार लोटून घेत, आवाज वाढवत आणि टीव्हीसमोर पाट मांडत. घरात दुसरं माणूस बोलायचं ते तेवढा अर्धा तास, आणि ते बराबर बोलायचं. या वयात याहून जास्त सोबत कुणाला मिळते.

अशात एका बुधवारी हरिओमचा फोन आला. बुधवारचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं असणार, म्हणून सोनूबाईंनी आधी पदर सावरला. पण हरिओम म्हणाला, "आई, सातचीवाले जहाज काढून राह्यलेत. चाहत्यांना घेऊन गोव्यापर्यंत जायचं अन् परत यायचं. नट-नट्या सगळे राहतील. मला बी बोलावलंय, पहिल्यांदाच. तू येतीस का? तीन दिवस, तू अन् मी."

जहाज, गोवा, नट-नट्या हे सोनूबाईंच्या कानावरून गेलं. 'तू अन् मी' तेवढं आत गेलं. "बघते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून लगेच पेटी खाली काढली.

जहाजावर कुणीच गेलेलं नसल्यामुळे मस्तगडात सल्ल्याला तोटा नव्हता. शेजारची मेहरुन्निसा तशी जाणकार, कारण तिचा भाचा दुबईला होता. तो विमानानं गेला होता, पण ही बाब कुणी काढली नाही. "सोनूबाई, समंदर में जी मिचलाता," ती म्हणाली. "निंबू सुंगते र्‍हो. और खिडकी की तरफ मत सोना, पानी अंदर आता." राजूरहून दीर काकासाहेब मुद्दाम आले. त्यांनी चहा घेतला आणि सांगितलं की जहाजात शिरल्याबरोबर मधली जागा धरायची, कारण बुडायला लागलं तर ते कडेनं बुडतं. तिथं तीन दिवस पोटाला काय मिळेल याची काही खात्री नाही, यावर मात्र गल्लीचं एकमत होतं. म्हणून सोनूबाईंनी डबाभर धपाटे केले, वर शेंगदाण्याची चटणी आणि समुद्राला द्यायला एक नारळ.

मध्येच आधार कार्डानं खोडा घातला. जहाजवाल्यांना फोन जोडलेलं आधार पाहिजे होतं. केंद्रातल्या माणसानं सोनूबाईंचं एकेक बोट यंत्रावर दाबून बघितलं.

"आजी, तुमचे ठसेच येईनात."

"माझेच हात हायेत हे."

"ते खरंय, पण यंत्र ओळखत न्हाई."

"मंग यंत्राला म्हणा, वळख वाढव," सोनूबाई म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला यंत्रानं त्यांना ओळखलं. तो किस्सा त्यांनी रविवारी हरिओमला सांगितला आणि त्यानं अर्थातच विचारलं, मग तू काय म्हणालीस.

रात्रीच्या गाडीनं त्या एकट्या मुंबईला उतरल्या. हरिओम न्यायला आला होता. वाळला होता. बंदरावर रांगेत उभं असताना त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आई, एक सांगायचं राह्यलं. जहाजावर कुणाला सांगू नको."

"काय?"

"की तू माझी आई आहेस म्हणून."

सोनूबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं चष्मा पुसायला घेतला.

"तसं न्हाई गं. पण ते चॅनलवाले तुला स्टेजवर बोलावतील. माईक देतील. अन् तुझ्या हातात माईक आला की..." हरिओम संवाद लिहून पोट भरत होता, पण हे वाक्य त्याला पुरं करता आलं नाही.

त्या क्षणी सोनूबाईंनी ठरवलं की आता हरिओमसमोर कामाचा एक शब्द काढायचा नाही. हो, न्हाई, पाणी दे, इतकंच बोलायचं. लिहून घे म्हणावं काय लिहायचं ते. रांग पुढं सरकेपर्यंत हरिओमनं दोनदा विचारलं, "आई, बरं वाटत न्हाई का?" दोन्ही वेळा सोनूबाई म्हणाल्या, "हाय बरं." एवढं बेचव बोलणं त्यांनी जन्मात केलेलं नव्हतं.

जहाजात शिरायच्या दारावर त्यांच्या गळ्यात एक गुलाबी पट्टी घालण्यात आली. तिच्यावर लिहिलं होतं, 'लाडकी सून'. सगळ्या चाहत्या बायकांना तीच पट्टी होती, पुरुषांना 'जावईबापू'. आयुष्यात कुणाची लाडकी सून न झालेल्या आणि पुढं स्वतःला सून न मिळालेल्या सोनूबाई ती पट्टी वाचून घेईपर्यंत हरिओमच्या गळ्यात निळी पट्टी पडली होती. निळी म्हणजे कलाकार. निळ्यांचं राहणं वरच्या मजल्यावर, जेवणही वरच. गुलाबींना वरचा जिना बंद.

"म्हंजी तू अन् मी कुठं?" सोनूबाई संप विसरून म्हणाल्या.

"मला बी आत्ताच कळलं गं. मी येतो खाली. येतोच." असं म्हणत तो गर्दीबरोबर वर गेला. तेवढ्यात इकडं पहारेकऱ्यानं बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून धपाट्यांचा डबा काढून घेतला. नारळही घेतला. औषधं तेवढी चालतील, म्हणाला. सोनूबाईंच्या गुडघ्याच्या मलमाच्या पिशवीत तळाशी कागदात गुंडाळलेले, चटणी लावलेले चार धपाटे होते. माणसानं सगळं एका डब्यात ठेवू नये, एवढी अक्कल त्यांना होती.

खोलीत जोडीला बेबीनंदा नावाची परतूरची बाई होती. तिला सातची तोंडपाठ होती. "मी सासूचीच फॅन हाये, काकू," ती म्हणाली आणि तिनं पिशवीतून एक बनियन काढून दाखवला. त्याच्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'ज्यांना वाढायचं नसतं, ते आधी विचारतात, जेवून आलात का?'

सोनूबाई शाळेत दुसरीपर्यंत गेल्या होत्या. त्यांनी बोट फिरवत वाचलं. हे त्या राजूरला, जावेच्या ओसरीवर, अकरा माणसांच्या देखत म्हणाल्या होत्या.

"कुणाचं म्हणं हे?"

"सासूचं. दुसऱ्या कुणाला सुचतंय व्हय असं."

"त्या बाईला लिहून कोण देतं?"

बेबीनंदाला हा प्रश्न कधी पडलेला नव्हता. "देत असंल कुणीतरी," ती म्हणाली आणि बनियनला इस्त्री मिळते का बघायला गेली.

संध्याकाळी सगळे गुलाबी लोक नटांना बघायला मधल्या हॉलमध्ये गोळा झाले. सासू झालेली नटी आली तेव्हा बायकांनी इतका गलका केला की जहाज एका अंगाला झुकल्यासारखं सोनूबाईंना वाटलं. काकासाहेबांचं स्मरण करून त्या मध्यभागी सरकल्या आणि तिथं ढकलाढकलीत उभं राहवेना, म्हणून बाहेर कठड्याशी आल्या. चोहीकडं पाणी. एवढं पाणी आणि त्याचा काही उपयोग नाही. त्यांना उगाच आठवलं की अंगणातल्या तुळशीला मेहरुन्निसानं आज पाणी घातलं असेल का.

कठड्याशी आधीच एक तरणाताठा माणूस उभा होता. निळी पट्टी त्यानं खिशात कोंबली होती. सोनूबाईंनी त्याला लगेच ओळखलं. सातचीतल्या सासूचा लेक होता तो.

"तू आत कामून न्हाई? तिथं फोटो काढू राह्यलेत."

"माझ्याबरोबर काढून झाले, मावशी. दोन जणी आल्त्या. एकीनं मलाच फोटो काढायला लावला." त्याचं नाव बुद्धभूषण होतं, परभणीचा होता, आणि कुणीतरी विचारावं म्हणून तो बऱ्याच दिवसांचा थांबलेला होता. "साडेतीनशे भाग झाले. मी दारात उभा आहे. आई बोलते, बायको बोलते, शेजारीण बोलते, मोलकरणीला परवा दीड पान दिलं. मला 'हं'. गावाकडं माझे वडील शेजाऱ्यांना म्हणतात, पोरगा टीव्हीवर हाये, पण थोडं आजारी हाये."

"लिहिणाऱ्याला सांगावं."

"सांगितलं ना. हरिओम सर लई भला माणूस. म्हणले, तुझ्यासाठी बसतो रोज, पण आईसमोर हा मुलगा काय बोलेल तेच सुचत न्हाई."

सोनूबाईंनी मलमाच्या पिशवीतून एक धपाटा काढून बुद्धभूषणला दिला. तो उभ्याउभ्याच खाऊन गेला.

हरिओम खाली आला नाही. फोन आला. मागं भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज होता. "आई, इथं जरा अडकलो गं. चॅनलचे लोक सोडेनात. तू जेवलीच असशील ना?"

इतकी वर्षं सोनूबाई या प्रश्नाची वाट बघत होत्या. तो आला तो असा आला, त्यांनी जावेच्या ओसरीवर ज्याच्यावर बोट ठेवलं होतं नेमक्या त्याच मापाचा. लिहिणाऱ्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

"हाय जेवलेली," त्या म्हणाल्या. गुलाबींच्या पंगतीत जाऊन त्यांनी पांढरा भात घेतला, त्यात दही कालवलं आणि लिंबू हुंगत बसल्या. शेजारी बेबीनंदा बोलत होती. सोनूबाईंना ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'सासूबाईंसारखं बोला' अशी स्पर्धा होती. सोनूबाई भाग घेणार नव्हत्या. पण स्टेजवर चढलेल्या बायका एकामागून एक जे बोलत होत्या, ते ऐकून त्यांच्या जिवाची तगमग व्हायला लागली. आपली भांडी दुसऱ्याच्या घरात वाजावीत, तसं ते होतं. बेबीनंदानं बनियनवरचं वाक्य म्हटलं, हात हलवून, शेवटी डोळे फिरवून. टाळ्या पडल्या. सोनूबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत स्टेजवर गेल्या आणि माईकपासून हातभर लांब उभं राहून, समोर जाऊ उभी असल्यासारखं, शांतपणे म्हणाल्या:

"वाढायचं नसलं की माणूस दारातच म्हणतं, जेवूनच आला असताल न्हाई का."

दोनचार जणी हसल्या. सूत्रसंचालन करणारी पोरगी गोड होती. तिनं सोनूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "खूप छान प्रयत्न, आजी. संवाद थोडासा चुकला, पण या वयात उत्साह बघा." सासू झालेल्या नटीनंही मान डोलवली आणि म्हणाली की आजी, राग आतून यायला पाहिजे. पहिला नंबर बेबीनंदाचा आला. सोनूबाईंना उत्तेजनार्थ एक चहाचा मग मिळाला. त्याच्यावर तेच वाक्य होतं, दुरुस्त केलेलं.

तो चहाचा मग हातात धरून त्या खाली उतरल्या तेव्हा त्यांना अपमानाचं फारसं काही वाटलं नाही, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. फक्त हे कुणाला सांगावं, ते कळेना. मेहरुन्निसाला सांगितलं असतं तर तिनं त्या पोरीच्या खानदानाचा उद्धार केला असता. पण आज सकाळपासून फोनला रेंज नव्हती. आणि ज्याला सांगायची सवय होती, तो वरच्या मजल्यावर होता.

दुपारी जिन्याखाली एक पाटी त्यांना दिसली. 'लेखकाला भेटा. चाहत्यांसाठी खास संधी.' बाणाच्या दिशेनं त्या गेल्या. एवढ्या लोकांनी नटांसाठी धक्के खाल्ले, तर लिहिणाऱ्यापुढं किती रांग असेल, म्हणून त्यांनी पदर खोचला आणि लिंबू हातात धरलं.

रांग नव्हती. आईस्क्रीमच्या काउंटरशेजारी टेबल मांडलं होतं, त्याला झालर लावली होती, मागं खुर्ची होती आणि खुर्चीत हरिओम होता. समोर सह्या करायला पेन मांडून ठेवलं होतं. आईस्क्रीम घेणारा एक जावईबापू त्याला विचारत होता की चमचे कुठं ठेवलेत. हरिओमनं उठून त्याला चमचे दाखवले आणि परत येऊन बसला. पेन थोडं सरळ केलं.

सोनूबाई खांबाआड थांबल्या. हा पोरगा त्यांना रविवारी सांगायचा की आई, लोक थांबवतात मला, विचारतात, सह्या घेतात. वरच्या मजल्यावर चॅनलवाले सोडेनात म्हणे. त्यांना एकदम कळलं की काल जेवताना वरसुद्धा याच्याशी कुणी बोललेलं नसणार. मागचा हसण्याचा आवाज दुसऱ्यांचा होता. शाळेत असताना सवंगडी खेळायला घेत नसले की हा असाच ओट्यावर बसून चप्पल सरळ करायचा.

त्या पुढं गेल्या आणि टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"सही पाहिजे," त्यांनी चहाचा मग पुढं केला.

हरिओमनं वर पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आई, तू..." मग त्यानं आजूबाजूला बघितलं. बघण्यासारखं कुणी नव्हतं. त्यानं तो मग हातात घेतला, वाक्य वाचलं आणि तो सगळीकडून फिरवून बघितला.

"कुठं नाव न्हाई तुझं यावर," सोनूबाई म्हणाल्या.

"नसतंच. भागाच्या शेवटी येतं, पण तोवर जाहिरात सुरू होते." तो थांबला. "तुझं बी न्हाई."

"माझं कशाला पाहिजे. मी तं उत्तेजनार्थ हाये."

सोनूबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. मलमाची पिशवी उघडली, कागद सोडला आणि उरलेले तीन धपाटे त्या झालरीच्या टेबलावर मांडले. हरिओमनं एकाचा तुकडा तोडला. मग भराभर खायला लागला, जसा माणूस काल पोटभर न जेवलेला असतो तसा. आईस्क्रीमवाली पोरगी बघत होती.

"कोण आहेत या?" तिनं विचारलं.

हरिओमच्या तोंडात घास होता. त्यानं तो गिळला. "माझी आई," तो म्हणाला. "जालन्याहून आलीये." आणि मगाकडं बोट दाखवून, जरा मोठ्यानं, "हे तिचंच आहे."

पोरगी म्हणाली, "अय्या, हो?" आणि तिनं एक कप आईस्क्रीम आणून ठेवलं. त्यापलीकडं काही झालं नाही. कुणी धावत आलं नाही, माईक आणला नाही.

सोनूबाईंनी आईस्क्रीम घेतलं. आणि मग, इतके तास तोंडात धरून ठेवलेलं सगळं त्यांनी एकदाचं सांगायला घेतलं. स्पर्धा, बेबीनंदाचा बनियन, खांद्यावर हात ठेवणारी ती पोरगी, संवाद चुकला म्हणते, आणि ती नटी, राग आतून यायला पाहिजे म्हणे. हरिओम हसत होता. खरंच हसत होता, तोंडाला चटणी लागली होती. हसता हसता तो पुढं वाकला, त्याच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक आली आणि त्याचा हात आपोआप पेनाकडं गेला.

"मग तू काय म्हणालीस?"

सोनूबाईंनी चमचा खाली ठेवला. पेन त्याच्या हाताखालून काढून घेतलं आणि मलमाच्या पिशवीत टाकलं.

"हरिओम, सासू तू बराबर लिहिलीस. तिच्यात काही काढण्यासारखं न्हाई, नुसते तिचे हात बांध. पण त्या बाईचा लेक साडेतीनशे भाग झाले दारात उभा हाये अन् आईला एक शब्द विचारत न्हाई. त्याला आत घे, खाली बसव, अन् बोलू दे काहीतरी. अन् ते काय बोलायचं, ते मला विचारू नको."